चेतकचा दिवा आणि एलईडीची पट्टी

काही वर्षांपूर्वी चाकणजवळच्या एका शाळेत विज्ञान प्रदर्शनाचा परीक्षक म्हणून जाण्याचा योग आला. नववीच्या मुलांनी ‘आपली औद्योगिक वसाहत’ असा देखावा मांडला होता. पुठ्ठ्याचे कारखाने, रंगवलेला महामार्ग आणि महामार्गाच्या कडेने पाच मीटर लांबीची एलईडीची पट्टी. विजेचा प्लग सभागृहाच्या दुसऱ्या टोकाला असल्यामुळे मुलांनी पॉवर सप्लाय तिकडेच ठेवला होता आणि तेथून दहा मीटर लांब बारीक वायर ओढून आणली होती. पट्टी लागली, पण मिणमिणती. ‘सप्लाय कमी पडतोय’ असे निदान करून एका मुलाने दुप्पट अँपिअरचा सप्लाय आणला. प्रकाशात फरक पडला नाही.

दुसरी घटना अधिक गंभीर होती. पत्र्याच्या एका छोट्या शेडमध्ये पट्टीचा हातभर तुकडा चिकटवला होता. त्याला वेगळा, अगदी हलका आणि स्वस्तातला १२ व्होल्टचा सप्लाय होता. पत्र्याला हात लावताच एका विद्यार्थिनीला सणसणीत झटका बसला. सुदैवाने इजा झाली नाही. शिक्षकांनी ताबडतोब बटण बंद केले आणि मला विचारले, ‘‘सर, बारा व्होल्टला झटका कसा बसेल? स्कूटरच्या बॅटरीला तर आम्ही बेधडक हात लावतो.’’

प्रश्न अगदी योग्य होता. मोठ्या सप्लायने प्रकाश का वाढला नाही आणि बारा व्होल्टच्या दिव्याने झटका का दिला, या दोन प्रश्नांच्या आधी एक तिसरा प्रश्न सोडवावा लागतो. हे बारा व्होल्ट आले कोठून? घरातली वीज २३० व्होल्टची, एक एलईडी जेमतेम ३ व्होल्टची. मग पट्टीसाठी १२ किंवा २४ हेच आकडे का? याचे उत्तर प्रकाशशास्त्रात नाही, मोटारगाडीच्या इतिहासात आहे. आणि त्या इतिहासाचा एक भाग पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात घडला आहे.

सहा घरांची बॅटरी

१८५९ साली फ्रान्समध्ये गास्तों प्लांते यांनी शिसे आणि गंधकाम्ल यांचा पुन्हा पुन्हा प्रभारित करता येणारा घट बनवला. या घटाच्या दोन पट्ट्यांमधले विभवांतर सुमारे २ व्होल्ट असते. ते रासायनिक अभिक्रियेने ठरते. घट मोठा केला तर साठा वाढतो, व्होल्ट वाढत नाहीत. जास्त व्होल्ट हवे असतील तर घट एकामागे एक जोडावे लागतात. म्हणून शिशाच्या बॅटरीचे आकडे २ च्या पाढ्यातच येतात : ६, १२, २४.

मोटारगाडीत १९१२ साली कॅडिलॅक कंपनीने विजेवर चालणारा स्टार्टर आणि विजेचे दिवे आणले आणि हाताने दांडा फिरवून इंजिन सुरू करण्याचे दिवस संपत आले. पुढची चाळीसेक वर्षे बहुतेक मोटारींत तीन घटांची, ६ व्होल्टची बॅटरी असे. इंजिने मोठी झाली तशी स्टार्टरची भूक वाढली. तीच शक्ती ६ व्होल्टवर द्यायची तर दुप्पट विद्युतधारा लागते, आणि दुप्पट धारेसाठी जाड तांबे लागते. १९५० च्या दशकाच्या मध्यास अमेरिकेतल्या मोटारी १२ व्होल्टवर गेल्या. फोक्सवॅगनची प्रसिद्ध बीटल मात्र १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ६ व्होल्टवरच होती. मोठ्या ट्रकांना आणि बसगाड्यांना १२ व्होल्टही अपुरे पडू लागले. तेथे दोन बॅटऱ्या एकसरीत जोडून २४ व्होल्टची पद्धत रूढ झाली.

हा सगळा बदल आपल्याकडे पोहोचला तेव्हा पुण्याच्या वायव्येला कारखान्यांची वसाहत उभी राहत होती. पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५० च्या दशकातच आला होता. १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी या गावांच्या शिवारात भूखंड पडले. आकुर्डीत बजाज ऑटो, पिंपरीत १९६६ पासून टेल्को, चिंचवडला १९६९ साली सुरू झालेला शिशाच्या बॅटऱ्यांचा कारखाना (आज तो एक्साइड इंडस्ट्रीजचा म्हणून ओळखला जातो) असे एकेक उद्योग आले. त्यांच्या भोवती भोसरीच्या गाळ्यांमध्ये दिवे, वायरिंग, स्विच आणि पत्र्याचे भाग बनवणारी शेकडो छोटी वर्कशॉपे वाढली. हीच साखळी पुढे चाकणला पोहोचली. ज्या भागात हजारो हात रोज १२ आणि २४ व्होल्टच्या वस्तू बनवत होते, तेथे हे आकडे बोलीत मुरले यात नवल नाही.

चेतकचा दिवा

आकुर्डीच्या स्कूटरची एक आठवण चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येक शिक्षकाला असेल. १९७२ साली बाजारात आलेली बजाज चेतक रात्री सिग्नलला थांबली की तिचा पुढचा दिवा मंद होई, आणि ॲक्सिलरेटर पिळला की भडके. जुन्या चेतकच्या दिव्यांसाठी बॅटरी नव्हती. इंजिनाच्या फिरत्या चाकात चुंबक बसवलेले असत आणि त्यांच्याजवळ तारेची वेटोळी. चाक फिरले की फॅराडेच्या १८३१ सालच्या नियमानुसार वेटोळ्यात प्रत्यावर्ती धारा निर्माण होई आणि ती सरळ ६ व्होल्टच्या दिव्यांना जाई. चाकाचा वेग वाढला की व्होल्ट वाढत, कमी झाला की उतरत.

मग वेगात दिवे जळून का जात नसत? वेटोळ्याचा स्वतःचा प्रतिबाध वारंवारितेबरोबर वाढतो. इंजिन जोरात फिरले की विभवांतर वाढे, पण त्याच प्रमाणात धारेला होणारा विरोधही वाढे. त्यामुळे धारा एका मर्यादेपलीकडे जात नसे. मात्र हा तोल ठरावीक वॅटचे ठरावीक दिवे जोडलेले असतानाच टिकत असे. पुढचा दिवा उडाला की त्याच्या वाट्याची धारा उरलेल्या दिव्यांकडे वळे, आणि तेही उडत. एका दिव्याच्या मागोमाग दुसरा गेल्याचा अनुभव पुष्कळांना असेल.

चेतकचा हा दिवा वर्गात सांगण्यासारखा आहे, कारण तो ‘नियमन नसलेला पुरवठा’ म्हणजे काय हे एका वाक्यात शिकवतो. चांगल्या पॉवर सप्लायचे पहिले काम व्होल्ट कमी करणे हे नव्हे. मागणी वाढो वा घटो, मागून येणारी वीज चढो वा उतरो, पुढे जाणारे व्होल्ट जागच्या जागी ठेवणे हे त्याचे काम आहे. तापतंतूच्या दिव्याने चढउतार सोसला, कारण तो चढउताराप्रमाणे फक्त पिवळा किंवा पांढरा होई. एलईडी इतकी सोशिक नाही.

चोवीस व्होल्टचा कायदा

कारखान्यात २४ हा आकडा आणखी एका वाटेने आला, आणि ती वाट सुरक्षेची होती. बॉयलर, रंगाची टाकी, खड्डा किंवा मोठा नळ यांच्या आत उतरून काम करणाऱ्या कामगाराच्या हातात दिवा असतो. चहूबाजूंनी लोखंड, अंगाला घाम. अशा ठिकाणी २३० व्होल्टच्या हातदिव्याची वायर कापली गेली तर मृत्यू निश्चित. म्हणून १९४८ च्या कारखाने अधिनियमात कोंदट जागी वापरायच्या हातदिव्यासाठी २४ व्होल्टची मर्यादा घातली गेली. पुरेशी सुरक्षा-साधने असल्याखेरीज त्याहून जास्त व्होल्टचा हातदिवा आत नेता येत नसे. लेथ आणि ड्रिलिंग यंत्रांवर दिसणारे वाकडे-तिकडे वळणारे छोटे दिवेही पुष्कळदा छोट्या रोहित्रावर, २४ व्होल्टवर चालत.

२४ चे गणित साधे आहे. ओल्या त्वचेच्या माणसाच्या शरीराचा रोध सुमारे १,००० ओहमपर्यंत उतरू शकतो. ओहमच्या नियमाने २३० व्होल्टला २३० मिलिअँपिअर धारा जाईल. प्रत्यावर्ती धारा शंभर मिलिअँपिअरच्या आसपास सेकंदभर छातीतून गेली तरी हृदयाची लय बिघडू शकते. २४ व्होल्टला हीच धारा २४ मिलिअँपिअर होते. तीही सुखद नाही, स्नायू आखडतात. पण जीव वाचण्याची शक्यता कितीतरी वाढते. कोरड्या त्वचेचा रोध याच्या अनेक पट असल्याने २४ व्होल्ट कोरड्या हाताला जाणवतही नाहीत. पुढे कारखान्यांतली नियंत्रण-पॅनेले इलेक्ट्रॉनिक झाली, तेव्हा सेन्सर आणि वाल्व्ह यांच्यासाठीही २४ व्होल्ट दिष्ट धारा हीच जगभरची प्रथा झाली. आज चाकणच्या कोणत्याही कारखान्याचे पॅनेल उघडले तर पट्टीवर खटकन बसवलेला २४ व्होल्टचा सप्लाय बहुधा दिसेलच.

पट्टीच्या पोटात

आता एलईडीकडे वळू. १९६२ साली निक होलोन्याक यांनी अमेरिकेत डोळ्यांना दिसणारा तांबडा प्रकाश देणारी एलईडी बनवली. निळ्या प्रकाशासाठी आणखी तीस वर्षे लागली. इसामू अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांच्या कामातून १९९० च्या दशकाच्या आरंभी तेजस्वी निळी एलईडी मिळाली आणि त्यासाठी २०१४ चे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक त्यांना दिले गेले. निळ्या एलईडीवर पिवळा प्रकाश देणाऱ्या पदार्थाचा लेप दिला की पांढरा प्रकाश मिळतो. आपल्याकडे जानेवारी २०१५ मध्ये उजाला योजना सुरू झाली आणि एलईडीचा बल्ब घरोघर पोहोचला. पट्टी त्याच्या मागोमाग आली : गणपतीच्या मखरात, दुकानाच्या पाटीमागे, पीओपीच्या छताच्या खाचेत.

निळ्या प्रकाशाच्या एका कणाची ऊर्जा सुमारे २.७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते. तेवढी ऊर्जा इलेक्ट्रॉनला द्यायची तर एलईडीच्या टोकांना साधारण ३ व्होल्ट लागणारच. आपण हिशेबासाठी ३.१ धरू. पट्टी बनवणाऱ्यांपुढे मोटारीच्या जगाने रूढ केलेले १२ व्होल्ट होते. तीन एलईडी एकसरीत जोडल्या की ९.३ व्होल्ट होतात. उरलेले २.७ व्होल्ट एका छोट्या रोधकावर पडतात. चौथी एलईडी जोडली तर १२.४ व्होल्ट लागतील, ते मिळत नाहीत. म्हणूनच १२ व्होल्टच्या पांढऱ्या पट्टीवर दर तीन एलईडींनंतर कात्री चालवण्याची खूण असते. २४ व्होल्टच्या पट्टीवर ती बहुधा सहा किंवा सात एलईडींनंतर येते.

तो रोधक कशासाठी? एलईडीची धारा विभवांतराबरोबर सरळ रेषेत वाढत नाही. व्होल्ट थोडेसे वाढले तरी धारा कितीतरी वाढते. रोधक तिला लगाम घालतो. एका साखळीत २० मिलिअँपिअर धारा हवी असेल तर २.७ ला ०.०२ ने भागून १३५ ओहमचा रोधक लागतो. हा लगाम किती ढिला आहे हे पाहण्यासाठी मोटारीचेच उदाहरण घ्या. गाडी चालू असताना १२ व्होल्टच्या बॅटरीच्या टोकांना १४.४ व्होल्टपर्यंत विभवांतर असते. आता रोधकाच्या वाट्याला २.७ ऐवजी ५.१ व्होल्ट येतात. व्होल्ट वाढले फक्त वीस टक्के, पण धारा जवळजवळ १.९ पट झाली आणि रोधकातली उष्णता साडेतीन पट. घरासाठी बनवलेली पट्टी गाडीत सरळ जोडली की ती लवकर का जळते, हे यावरून कळेल. १२ व्होल्टची पट्टी ट्रकच्या २४ व्होल्टला जोडली तर काय होईल, हे विद्यार्थ्यांना वहीवर काढायला सांगावे. प्रत्यक्ष करून पाहू नये.

दहा मीटरचा हिशेब

त्या प्रदर्शनातली पट्टी दर मीटरला ६० एलईडींची, मीटरला १४.४ वॅटची होती. पाच मीटरला ७२ वॅट, म्हणजे १२ व्होल्टला ६ अँपिअर. अशा पट्टीतल्या प्रत्येक एलईडीच्या डबीत तीन तुकडे असतात. त्यामुळे पाच मीटरमध्ये २० मिलिअँपिअरच्या ३०० साखळ्या समांतर जोडलेल्या असतात. १३५ ओहमचे ३०० रोधक समांतर म्हणजे एकूण ०.४५ ओहम.

आता वायर. १ चौरस मिलीमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचा रोध दर मीटरला सुमारे ०.०१७ ओहम असतो. सप्लाय दहा मीटर दूर असेल तर जाणारी आणि येणारी मिळून वीस मीटर तार झाली, रोध ०.३४ ओहम. दिसायला क्षुल्लक. पण तो पट्टीच्या ०.४५ ओहमच्या शेजारी बसला आहे. धारा आता २.७ भागिले ०.७९, म्हणजे सुमारे ३.४ अँपिअर होईल. ६ ऐवजी ३.४! प्रकाश निम्म्याच्या थोडा वर उतरला. मुलांची वायर याहूनही बारीक होती, म्हणून पट्टी आणखी मंद.

दुप्पट अँपिअरच्या सप्लायने काही का झाले नाही, याचे उत्तर येथे मिळते. सप्लायवर लिहिलेले अँपिअर ही त्याची कुवत आहे, तो ढकलत असलेली धारा नव्हे. नळाला मोठी टाकी जोडली म्हणून बारीक नळीतून जास्त पाणी येत नाही. याच कारणाने, १२ व्होल्टच्या पट्टीला २० अँपिअरचा सप्लाय लावला तर पट्टी जळेल, ही समजूतही चुकीची आहे. व्होल्ट बरोबर असतील तर पट्टी तिला हवी तेवढीच धारा घेते. मोठ्या सप्लायचा धोका वेगळा आहे. बारीक वायरमध्ये शॉर्टसर्किट झाले तर तो तिला लाल होईपर्यंत धारा देऊ शकतो. म्हणून तेथे योग्य फ्यूज हवा.

हाच देखावा २४ व्होल्टच्या पट्टीने केला असता तर? धारा ३ अँपिअर, सहा एलईडींचे १८.६ व्होल्ट आणि रोधकांवर ५.४ व्होल्ट, म्हणजे समतुल्य रोध १.८ ओहम. त्यात तारेचे ०.३४ मिळवले की धारा सुमारे २.५ अँपिअर. प्रकाश ८४ टक्के टिकला. तार तीच, अंतर तेच, फक्त व्होल्ट दुप्पट. मोटार उद्योगाने ६ वरून १२ वर आणि ट्रकने २४ वर जाण्याचे जे कारण होते, तेच येथे पुन्हा भेटते. १२ व्होल्टच ठेवायचे असतील तर २.५ चौरस मिलीमीटरची वायर घालून प्रकाश ७७ टक्क्यांपर्यंत आणता येतो. आणि सर्वांत सोपा उपाय म्हणजे सप्लाय पट्टीजवळ आणून लांबचे अंतर २३० व्होल्टच्या बाजूने, नीट आवरणाच्या वायरने कापणे. पट्टीतल्या तांब्याचाही रोध असतो, म्हणून पाच मीटरहून लांब काम असेल तर दोन्ही टोकांनी किंवा मधूनही पुरवठा द्यावा.

झटका कोठून आला?

२३० व्होल्टचे १२ व्होल्ट करण्याची जुनी रीत म्हणजे लोखंडी गाभ्याचे रोहित्र. ते जड आणि मोठे असते, कारण आपल्या विजेची वारंवारिता फक्त ५० हर्ट्झ आहे. वारंवारिता वाढवली की त्याच शक्तीसाठी लागणारा गाभा लहान होतो. ही गोष्ट पूर्वीपासून ठाऊक होती. १९३० च्या दशकातल्या मोटारींच्या रेडिओत बॅटरीची दिष्ट धारा थरथरणाऱ्या पात्याने तोडून-जोडून रोहित्राला देत असत. खरा मार्ग ट्रान्झिस्टरने खुला केला. १९६० च्या दशकाअखेर जास्त व्होल्ट सोसणारे वेगवान ट्रान्झिस्टर मिळू लागले, आणि १९७७ साली ॲपल टू या संगणकात रॉड होल्ट यांनी याच पद्धतीचा, पंखा न लागणारा छोटा सप्लाय बसवला. आज ज्याला आपण एसएमपीएस म्हणतो तो हाच. तो २३० व्होल्टची आधी दिष्ट धारा करतो, ती सेकंदाला हजारो वेळा तोडतो आणि अंगठ्याएवढ्या रोहित्रातून पुढे देतो. बाहेरचे व्होल्ट किती आहेत हा निरोप मागच्या बाजूला पोहोचवण्यासाठी पुष्कळदा एक सुंदर युक्ती वापरतात. एका बंद डबीत छोटी एलईडी प्रकाश पाडते आणि समोरचा ट्रान्झिस्टर तो ‘पाहतो’. तार जोडलेली नसतानाही निरोप पोहोचतो.

तार जोडलेली नसणे, हेच येथे महत्त्वाचे आहे. रोहित्राच्या दोन वेटोळ्यांत चुंबकीय नाते असते, विद्युत नाते नसते. त्यामुळे १२ व्होल्टची बाजू घरच्या विजेपासून पूर्णपणे अलग राहते. स्कूटरची बॅटरी निर्धोक असते ती १२ व्होल्टची म्हणून, आणि तिचा घरच्या विजेशी काही संबंध नसतो म्हणूनही.

प्रदर्शनातला तो हलका सप्लाय मी नंतर उघडला. आत रोहित्र नव्हतेच. भाग वाचवण्यासाठी २३० व्होल्टमधून सरळ १२ व्होल्ट ‘कापून’ घेतले होते. मीटरने दोन टोकांमध्ये मोजले तर १२ व्होल्टच दिसत. पण ती दोन्ही टोके जमिनीच्या तुलनेत घरच्या विजेच्या उंचीवर होती. दहाव्या मजल्यावरची दोन फुटांची पायरी दोन फुटांचीच असते, म्हणून ती जमिनीवर नसते. पट्टीची उघडी कड पत्र्याला टेकली आणि पत्रा २३० व्होल्टशी जोडला गेला.

बाजारात पट्टीसारखीच दिसणारी आणखी एक वस्तू मीटरवर मिळते. तिच्या टोकाला फक्त एक छोटा प्लग असतो, त्यात केवळ दिष्टकारी असतो आणि सगळी पट्टी २३० व्होल्टवर चालते. ती कमी व्होल्टची पट्टी नव्हे. ती हवी तेथे कापणे, सोलणे किंवा मुलांच्या हाती देणे धोक्याचे आहे. उलट, चांगल्या सप्लायच्या धातूच्या खोक्याला किंवा पट्टीला कधी अगदी सूक्ष्म मुंग्या जाणवतात. त्या आवाज गाळणाऱ्या छोट्या धारित्रातून येतात आणि खोक्याला अर्थिंग जोडले की जातात. म्हणून तीन पिनांच्या सप्लायची तिसरी पिन कधीही मोकळी सोडू नये.

निवड करताना

एवढ्या इतिहासानंतर निवडीचे नियम पाठ करावे लागत नाहीत, ते आपोआप सुचतात.

पहिला, व्होल्ट. पट्टीवर १२ लिहिले असेल तर १२, २४ असेल तर २४. सप्लाय ‘स्थिर व्होल्ट’ या प्रकारचा हवा. रोधक नसलेल्या एलईडीच्या तबकड्यांसाठी मिळणारे ‘स्थिर धारा’ ड्रायव्हर, ज्यांवर ३५० किंवा ७०० मिलिअँपिअर असे लिहिलेले असते, ते अशा पट्टीसाठी नाहीत. जुन्या हॅलोजन दिव्यांचे ‘१२ व्होल्ट इलेक्ट्रॉनिक ट्रान्सफॉर्मर’ही नकोत, कारण त्यांतून जलद वारंवारितेची प्रत्यावर्ती धारा निघते.

दुसरा, वॅट. मीटरचे वॅट गुणिले मीटर, आणि सप्लायवर त्याच्या ८० टक्क्यांपेक्षा जास्त भार नको. ७२ वॅटसाठी ७२ भागिले ०.८, म्हणजे ९० वॅट. बाजारात मिळणारा १०० वॅटचा घ्यावा.

तिसरा, उष्णता. सप्लायमधल्या विद्युत-अपघटनी धारित्रांचे आयुष्य तापमान दर १० अंशांनी वाढले की साधारण निम्मे होते. पीओपीच्या छतात, थर्मोकोलमध्ये किंवा मखराच्या कापडात सप्लाय कोंडू नये. उन्हापावसात ठेवायचा असेल तर पाणी न शिरणारा घ्यावा.

चौथा, आणि जिवाशी गाठ असलेला, अलगपणा. आपल्याकडे एलईडीच्या ड्रायव्हरला भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे. त्यासाठी आयएस १५८८५ हे मानक आहे. नोंदणीचा ‘आर’ने सुरू होणारा आठ आकडी क्रमांक आणि मानकाचा क्रमांक खोक्यावर छापलेला असतो. एकात एक असे दोन चौकोन ही दुहेरी आवरणाची खूण. या खुणा नसतील आणि सप्लाय हातात संशयास्पद हलका लागत असेल, तर तो शाळेत आणू नये.

चेतकची नवी चाल

प्रदर्शन संपण्याआधी मुलांनी दुरुस्ती केली. सप्लाय टेबलाखाली आणला, वायर आखूड झाली आणि महामार्ग उजळला. झटका बसलेल्या विद्यार्थिनीने पत्र्याच्या शेडमधला तुकडा मोठ्या सप्लायलाच जोडला आणि पट्टीखाली पुठ्ठा घातला. हलका सप्लाय मी मागून घेतला. तो आजही माझ्या टेबलाच्या खणात आहे. विद्यार्थी आले की उघडून दाखवतो.

जानेवारी २०२० मध्ये चेतक पुन्हा बाजारात आली, या वेळी विजेवर चालणारी. तिच्यात एलईडीचे दिवे आहेत. विजेच्या स्कूटरमध्ये मोटार चालवणारी बॅटरी जास्त व्होल्टची असते आणि दिव्यांसाठी एक छोटा परिवर्तक त्यातून १२ व्होल्ट बनवतो. त्यामुळे सिग्नलला दिवा मंदावत नाही. आकुर्डीच्या जुन्या स्कूटरच्या दिव्यामागे फक्त फिरते चुंबक होते, नव्या स्कूटरच्या दिव्यामागे व्होल्ट सांभाळणारा सप्लाय आहे. पन्नास वर्षांत दिवा बदलला हे सर्वांना दिसते. त्याच्या मागचा खोका बदलला हे विद्यार्थ्यांना दाखवून देण्याचे काम शिक्षकाचे. त्यासाठी एक पट्टी, दोन जाडीच्या वायर, एक मीटर आणि एक चांगला सप्लाय एवढे साहित्य पुरेसे आहे.